झाडं राखल्याचा सारा

माझ्या नवऱ्याने उभ्या आयुष्यात सरकारकडे एकच गोष्ट मागितली. बोडीच्या वरच्या अंगाला आमच्या मालकीची झाडी होती. ती आम्ही कधीच तोडणार नाही असं लिहून देतो, त्या बदल्यात तेवढ्या तुकड्याचा शेतसारा माफ करा, एवढंच ते मागणं. सारा फार होता असं नाही. तो भरायला आम्हाला कधी जड गेलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, घरात महिन्याचा पगार येत होता. पण त्यांना त्या माफीचा ध्यासच लागला होता, आणि तो ध्यास नेमका कशाचा, हे मला सुरुवातीला मुळीच कळत नव्हतं.

मी तुमसरची. माझे वडील राइस मिलमध्ये दिवाणजी होते. कोंड्याच्या धुळीत आणि मिलच्या भोंग्यात मी वाढले. झाड म्हणजे मिलच्या फाटकाजवळचा एक कडुनिंब, एवढीच माझी ओळख. लग्न होऊन या गावात आले तेव्हा यांनी मला दुसऱ्याच दिवशी ती झाडी दाखवायला नेलं. मोह, तेंदू, चार म्हणजे चारोळीचं झाड, धावडा, मधूनमधून बीजा. खाली पाचोळा एवढा, की पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. मला भीती वाटली सापाची. हे म्हणाले, "वरतून पडलेलं पानी या पाचोळ्यात मुरते. मंग हळूहळू बोडीत उतरते. ही झाडी गेली तं बोडी गाळानं भरन."

बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. आमच्या भागात दर थोड्या शेतांमागे एक असते. धान निसवायच्या वेळी, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या वेळी, पाऊस दगा देतो. तेव्हा बोडी फोडून बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांना, पाणी द्यायचं. तेवढं एक पाणी मिळालं तर पीक हाती लागतं, नाही तर तणस, नुसता पेंढा. आमच्या बोडीवर आमच्या बांध्या होत्याच, पण त्यांच्या खाली आणखी एक शेत होतं. ते एका बौद्ध कुटुंबाचं. नवरा चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली मॅंगनीज खोदायचा आणि पंधरा-वीस दिवसांनी घरी यायचा. शेत सगळं बायकोच करायची. ती माझ्याच वयाची होती. तिची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून तिचं माझं बोलणं सुरू झालं. ती मला "बाई" म्हणायची, मी तिला "ताई" म्हणायचे. माझ्या सासरी हे कोणाला फारसं आवडलं नव्हतं, पण मास्तरीण म्हणून मला थोडी मोकळीक होती.

सासरे गेले आणि वाटणी झाली. यांचे एक थोरले भाऊ, आमच्याकडे त्यांना भासरे म्हणतात. भासऱ्यांना चांगल्या बांध्या गेल्या, यांना थोड्या कमी कसाच्या. झाडीचे दोन सारखे भाग पडले. वाटणीच्या दिवशीच भासरे म्हणाले, "माह्या भागातली मी तोडून टाकतो. बांध्या पाडतो. तूही पाड."

"नाही दादा," हे म्हणाले.

"काहून नाही?"

"बोडीसाठी."

भासरे हसले. त्यांनी लगेच तोडली नाही, पण त्या दिवसापासून गावात या तुकड्याला एक नाव पडलं. आळशाची जमीन. धानाची म्हणून कागदावर नोंद असलेली जमीन याने तशीच पाडून ठेवली, दरवर्षी धानाच्या जमिनीचा सारा भरतो आणि मोहफुलं वेचतो, असं लोक पारावर बोलत. हे बोलणं यांच्या कानावर येई. जेवताना नुसते ताटाकडे बघत बसत.

मग एक दिवस त्यांनी मला म्हटलं, "तुले लिहिता येते नीट. तहसीलमध्ये एक अर्ज कर."

असा तो सारामाफीचा अर्ज सुरू झाला. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्यालाही नाही. मग दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं तुमसरला तहसील कचेरीत गेलो. साहेब भले होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, अर्ज वाचला, आणि म्हणाले, "अहो, जमीन पडीत ठेवली म्हणून सारा माफ करायला लागलो, तर उद्या सगळेच पडीत ठेवतील."

"पडीत नाही साहेब. झाडी हाय."

"मग उत्पन्न काय तिचं?"

"पानी," हे म्हणाले.

बाजूच्या टेबलावरचा कारकून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी अर्ज घडी करून परत दिला. "तुमचं म्हणणं मला समजतं," ते म्हणाले, "पण माझ्याकडे तसा रकानाच नाही. नवीन झाडं लावा, मग बघू काही करता येतं का. लावलेलं दाखवता येतं. जे आहे ते तसंच ठेवलं, हे मी वर काय दाखवू?"

परतताना बसमध्ये हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, "एवढ्याशा साऱ्यासाठी कशाला जीव काढता?"

ते खिडकीकडेच बघत म्हणाले, "मी साऱ्यासाठी नाही करून राहिलो. एकदा सरकारनं कागदावर म्हटलं पाह्यजे, का हेही काम हाय. बस. मंग कोनी आळशी म्हननार नाही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि बसमध्ये माणसं आहेत हे लक्षात येऊन लगेच काढून घेतला.

माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक वकील भंडाऱ्याला होते. वयस्कर, दम्याचे. सगळ्या जगातली मासिकं वाचायचे. वडिलांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही चुकीच्या देशात जन्मलात. अमेरिकेत म्हणे अशी सोय निघाली आहे. मालक लिहून देतो, की मी ही जमीन फोडणार नाही, इथली झाडं काढणार नाही, घरं बांधणार नाही. जमीन त्याचीच राहते. पण ती अट कायमची. उद्या विकली तरी घेणाऱ्याच्या बोकांडी अट बसतेच. आणि असं वचन दिल्यामुळे जमिनीची किंमत जेवढी उतरते, तेवढा त्याचा कर सरकार कमी करतं."

यांचा चेहरा मला अजून आठवतो. कोणीतरी त्यांच्याच मनातलं त्यांना वाचून दाखवावं तसे ते ऐकत होते.

"मंग आपल्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आपल्याकडे असा कागद नाही. तुम्ही मुलांना जमीन दिलीत आणि अट घातलीत की तोडायची नाही, तर ती अट कोर्टात पोकळ ठरेल." वकील खोकत खोकत उठले आणि कपाटातून एक जाड पुस्तक घेऊन आले. "एकच फट दिसते. वहिवाटीचा हक्क. इंग्रजीत इझमेंट म्हणतात. एकाच्या जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर हक्क. वाटेचा असतो, पाण्याचा असतो. तुमच्या खाली कोणाचं शेत आहे?"

यांनी ताईचं नाव सांगितलं.

"तिच्या शेताला पाणी मिळावं म्हणून तुमची झाडी उभी राहील, असा हक्क तिला लिहून द्या. झाडं उभी राहण्याचा हक्क कोणी कोणाला दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. लिहू. टिकेल की नाही ते मी सांगत नाही. आणि सारा यानं माफ होणार नाही, हेही आत्ताच ऐकून ठेवा."

"नाही झाला तं नाही," हे म्हणाले. "लिहा."

ताईला हे समजावून सांगायला मी तिच्या घरी गेले. ती गुरांच्या कोठ्यासमोर पऱ्ह्यांसाठी बियाणं पाखडत होती. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. तिने सगळं ऐकलं आणि सूप खाली ठेवलं.

"म्हंजे बाई, तुमच्या जमिनीतलं झाड तोडाले तुमाले मले विचारा लागन?"

"हो."

"असं कसं वो! मालक तुमी, अन् विचारनार मले?" ती हसायला लागली, आणि हसता हसता एकदम थांबली. "मोठ्या मालकाले माहीत हाय का हे?"

मोठे मालक म्हणजे भासरे. त्यांना माहीत नव्हतं. कागद झाला, तिने स्वतःच्या हाताने सही केली, चिखल्याहून तिचा नवरा साक्षीला आला, आणि मग आठ-पंधरा दिवसांत भासऱ्यांपर्यंत बातमी गेली. ते घरी आले ते ओट्यावरूनच ओरडत. झाडी उभी राहणार याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना दुसरंच लागलं होतं.

"आपल्या बापाच्या जमिनीत आता त्यायची परवानगी?"

"त्यायची" हा शब्द त्यांनी कसा उच्चारला ते मी आतल्या खोलीतून ऐकलं. मी भासऱ्यांशी बोलत नसे, डोक्यावर पदर घेऊन आतच राहायचं असा रिवाज होता. हे शांतपणे म्हणाले, "पानी तिच्या शेताले जाते दादा. मंग तिलेच विचारनार ना."

त्यानंतर दोन्ही घरांचं येणं-जाणं जवळजवळ थांबलं.

मग आणीबाणीच्या दिवसांत खाजगी जंगलांचा कायदा आला. कायदा नेमका काय म्हणतो हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. बाजाराच्या दिवशी एक बातमी यायची, पुढच्या बाजारी दुसरी. पण सगळ्यांना एवढं कळलं होतं, की ज्याच्या जमिनीवर झाडं असतील त्याची जमीन सरकारजमा होणार. आणि मग लोकांनी तोडायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे चार झाडं होती त्यांनीही तोडली. त्या उन्हाळ्यात सकाळी शाळेत जाताना आणि दुपारी परतताना चारी बाजूंनी कुऱ्हाडींचा आवाज यायचा. वर्गात मुलं पाढे म्हणत आणि बाहेर ठक ठक चाललेलं असे. मोहाची झाडं, ज्यांना आमच्याकडे कोणी हात लावत नसे, तीसुद्धा पडली. पोरं आपल्या आपण म्हणत, "आज अमक्याच्या बांधीतला मोह पडला."

भासऱ्यांनी आपला भाग एका आठवड्यात उतरवला. मजूर बाहेरगावचे आणले होते. मुळं काढली, ट्रॅक्टर फिरवला, धुरे म्हणजे बांध टाकले, आणि पाऊस लागेपर्यंत तिथे बांध्या तयार. मग ते पुष्कळ दिवसांनी आमच्याकडे आले. या वेळी ओरडत नव्हते. यांच्याजवळ बाजेवर बसले.

"पाह्य," ते म्हणाले, "आज तोडशील तं जमीन तुही राह्यल. ठेवशील तं सरकारची. मी तुह्या भल्याचं सांगून राहिलो."

"लिहून देल्लं हाय दादा."

"कोनाले? तिले?"

"हाव."

भासरे उठले. दारात थांबून म्हणाले, "तुह्या बायकोले विचार. तिले पोरगी हाय ना एक."

आमची मुलगी तेव्हा लहान होती, तिच्यासाठी जमीन राखा असं त्यांना सुचवायचं होतं. मी त्या संध्याकाळी यांना म्हटलं, "तोडून टाकू. ताईला मी समजावते." ते उठून बोडीकडे निघून गेले. मी पुन्हा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा झाडीचं फार वाटत नव्हतं. यांच्याकडे पाहून जीव तुटायचा तेवढाच.

पावसाळ्यानंतर नोटीस आली. आमचा तुकडा खाजगी वन आहे की नाही, याची चौकशी होणार होती. चौकशी पूर्ण होईपर्यंत जमिनीत कोणताही फेरबदल करू नये. यांना त्यात एक आशा दिसली. "चौकशीत मी सांगीन ना," ते म्हणाले. "का मी स्वतःच राखून ठेवली हाय. कागद हाय माह्यापाशी. सरकारले राखाचीच हाय तं मलेच राखू देतीन."

ते तारखांना जायला लागले. कधी तुमसर, कधी भंडारा. धुतलेला सदरा घालून, वकिलांनी केलेला कागद पिशवीत घेऊन. कधी साहेब दौऱ्यावर असत, कधी बदलून गेलेले असत. नवे साहेब येऊन फाइल नव्याने वाचत. ज्यांनी फाइल वाचली ते सगळे हेच म्हणत, की तुमचा हा कागद आमच्या कामाचा नाही. यात झाडं राखायचं म्हटलंय, म्हणजे तिथे जंगल आहे हे तुम्हीच कबूल करता.

आणीबाणी गेली, सरकारं बदलली, आमची चौकशी चालूच राहिली.

या काळात तो तुकडा कोणाचाच नव्हता. जंगलाचा गार्ड म्हणे, "माझ्या ताब्यात अजून आली नाही." तलाठी म्हणे, "चौकशी चालू आहे, मी काय करू?" आणि यांना तर पाऊल टाकायचीच चोरी. आधी लोकांनी वाळलेलं नेलं. मग फांद्या. ते कोणी दुष्टाव्याने करत होतं असं नाही. आजूबाजूची सगळी झाडं कायद्याच्या भीतीने आधीच तोडलेली, गावाला सरपण उरलं नव्हतं. एकच झाडी उभी होती. मग बैलबंड्या यायला लागल्या. मग एकदा भर दुपारी ट्रक आला.

हे बांधावर बसून राहत. एका बंडीवाल्याला त्यांनी अडवलं होतं. तो बैल थांबवून म्हणाला, "भाऊ, हे झाडी तुमची हाय का?"

यांना "हो" म्हणता आलं नाही.

"नाही ना? मंग?" म्हणून त्याने बैल हाकलले.

त्या दिवशी हे घरी आले ते अंगणातच बसले. मी पाणी दिलं ते तसंच राहिलं. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं. घाम आहे असं समजून पुसलं.

एका रविवारी मी त्यांच्यासोबत बांधावर गेले होते. समोरून झाडीतून बायकांची रांग डोक्यावर मोळ्या घेऊन उतरत होती. त्यात ताई होती. तिने आम्हाला पाहिलं आणि ती जागीच उभी राहिली. बाकीच्या पुढे निघून गेल्या. तिच्या डोक्यावर धावड्याच्या हिरव्या फांद्या होत्या.

"बाई," ती माझ्याकडे बघून म्हणाली, यांच्याकडे तिला बघवत नव्हतं, "सगळेच नेऊन राहिले. मी नाही नेलं तं झाडी राहनार हाय का? माही चूल तेवढी राह्यल थंडी."

मी काही बोलणार तोच हे म्हणाले, "ने. अन् ओलं नको नेऊ. धूर होते. तिकडच्या अंगाले वाळलेलं पडलं हाय."

ती रडायला लागली. डोक्यावरची मोळी तशीच. दोन्ही हात वर धरलेले, त्यामुळे तिला डोळेही पुसता येईनात. मी पुढे होऊन मोळी उतरवायला गेले तर ती म्हणाली, "राहू द्या. मंग एकटीनं उचलता नाही येत." आणि गेली.

अखेर एकदाचे साहेब पाहणीला आले. त्या वेळी हे आजारी होते, तरी काठी घेऊन सोबत गेले. मीही गेले. तिथे खुंट होते, खुंटांना फुटलेले धुमारे होते, आणि घाणेरीची झुडपं. एक मोह राहिला होता, अर्धा जळालेला. साहेब नवीन होते, तरुण होते. त्यांनी इकडेतिकडे फिरून बघितलं आणि म्हणाले, "इथे जंगल कुठे आहे?"

"होतं," हे म्हणाले.

"मी जे दिसतं ते लिहितो काका."

त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. काही महिन्यांनी निकाल आला. या जमिनीवर वन असल्याचं दिसून येत नाही, सबब जमीन मूळ मालकाच्या ताब्यात राहील. आम्ही जिंकलो होतो. गावात तसंच म्हणत होते, की एवढी वर्षं सरकारशी भांडून याने जमीन सोडवून आणली. आयुष्यात पहिल्यांदा लोक पारावर यांच्याबद्दल चांगलं बोलले. भासरे पेढे घेऊन आले. त्यांना मनापासून आनंद झाला होता, हे मी कबूल करते.

"भेटली ना शेवटी," ते म्हणाले. "मी म्हनत होतो ना, झाडं नाही राह्यली तं जमीन राह्यते. उगाच एवढी वर्षं जीव जळला तुहा."

हे पेढा हातात घेऊन बसले होते. खात नव्हते, खालीही ठेवत नव्हते. मला आतून ते दिसत होतं आणि मग मला ते बघवेना. मी बाहेर आले. डोक्यावर पदर होता तो तसाच, पण मी भासऱ्यांच्या समोर उभी राहिले आणि म्हणाले, "भाऊजी, पेढे घरी घेऊन जा."

लग्नानंतर मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. भिंत बोलली असावी तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठून गेले. पेढे बाजेवरच राहिले. मुंग्या लागल्यावर मी ते गाईला घातले.

जमीन एवढी वर्षं तुमचीच होती असं ठरलं, म्हणून मधल्या वर्षांचा साराही आला. धानाच्या जमिनीचा. तलाठी सांगायला आला तेव्हा जरा शरमला होता. यांनी एक शब्द न बोलता भरून टाकला. त्या दिवशी वाटलं, त्यांनी ओरडायला हवं होतं. कोणावर तरी.

बोडी गाळाने भरायला दोन पावसाळे पुरले. वरून नुसती माती वाहून यायची. पहिल्या वर्षी लोकांनी बोडीत लाखोळीची डाळ पेरली, एवढी ती उथळ झाली. आमच्या बांध्या बोडीला लागून, त्यांचं कसंबसं भागलं. ताईचं शेत शेवटचं. दुसऱ्या वर्षी धान निसवायला आणि पाऊस जायला एकच गाठ पडली. बोडीत चिखल होता, फोडायला पाणी नव्हतं. तिच्या लोंब्या पांढऱ्या पडल्या. मी संध्याकाळी तिच्याकडे गेले तर ती एक लोंबी हातावर चोळून मला दाखवत होती. आत काही नव्हतं. फुंकर मारली तर सगळंच उडालं.

ती चिखल्याला नवऱ्याजवळ राहायला निघाली. खाणीच्या कॉलनीत एक खोली मिळाली होती. निघायच्या दिवशी धाकट्या मुलीला घेऊन शाळेत आली, दाखला न्यायला.

"खोली कशी आहे?" मी विचारलं.

"हाय चांगली. नळ हाय." मग म्हणाली, "हे आठ आठ घंटे जमिनीच्या खाली राह्यतेत. मी एकटी काय करू बाई तिथं? हाताले सवय हाय ना चिखलाची." तिने हात पुढे केले, जसं काही ते तिचे नव्हतेच. मी दाखला लिहिला. जाताना ती म्हणाली, "मालकाले सांगजा, मी जाऊन राहिली म्हनून. मी नाही येत घरी. मले त्यायच्या तोंडाकडे पाह्यनं होत नाही."

मी घरी सांगितलं. हे "हं" म्हणाले.

त्यानंतर ते झाडीकडे गेले नाहीत. म्हणजे झाडी तर नव्हतीच, पण त्या बाजूलाही गेले नाहीत. उरलेल्या बांध्यांची रोवणी आधी स्वतः उभं राहून करून घ्यायचे, ती मजुरांवर सोडली. दिवस दिवस घरासमोरच्या छपरीत बसून राहायचे. मी शाळेतून आले की सकाळी जिथे बसलेले असत तिथेच असत. वैद्य झाले, डॉक्टर झाले. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "निदान एक झाड तरी लावा अंगणात." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कायले?" मी शाळेत मुलांना झाडांचे फायदे शिकवायचे. त्यातला एकही मला त्यांच्यासमोर म्हणता आला नाही.

मी बदली मागून घेतली. मुलीला घेऊन तुमसरला आलो. मिलच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मला वाटलं, जागा बदलली की माणूस बदलेल. ते बदलले नाहीत, फक्त छपरीऐवजी खिडकीत बसायला लागले. खिडकीतून कोंड्याचा ढीग दिसायचा.

एकदा भासरे तिथे आले. ते आता थकले होते, आमच्यातला राग दोघांच्याही वयाने मऊ पडला होता. त्यांच्यासोबत एक विटाभट्टीवाला होता. त्याला तो वरचा तुकडा हवा होता. शेतीला नाही, मातीला. वरचा थर वाहून जाऊन उघडी पडलेली चिकण माती, खुंटही आता सडले होते. भासरे म्हणाले, "पडूनच हाय. नेऊ दे त्याले. काही तरी होईन."

"नेऊ द्या," हे म्हणाले.

मी चहा ठेवत होते. मी म्हटलं, "माती गेली की तिथे खड्डा राहील. मग काहीच उगवणार नाही."

"हाव," ते म्हणाले, तसंच शांतपणे. आणि भासऱ्यांना विचारलं, "प्रवासात काही खाल्लं का नाही दादा?"

पुढच्या उन्हाळ्यात भट्टी लागली. मी बघायला गेले नाही, हेही गेले नाहीत. गावाहून बाजाराला येणारे लोक सांगत, विटा चांगल्या निघाल्या. पक्क्या, लाल. भासऱ्यांनी त्याच विटांनी आपलं घर दोन खोल्यांनी वाढवलं.